पुरातत्त्व पदवीलाच शिकवा

मुलीला बारावीनंतर पुरातत्त्व शिकायचंय म्हटल्यावर नातेवाईक विचारतात, ‘पोटापाण्याचं काय?’ असो. पण जुने गोव्यात सेंट ऑगस्टिन चर्चच्या भग्नावशेषांत सापडलेलं हाड जॉर्जियाची राणी केतेवान हिचं असावं, या निष्कर्षाला पोर्तुगीज दस्तऐवज, उत्खनन आणि हैदराबादच्या प्रयोगशाळेतली डीएनए तपासणी, तिन्ही लागली. इतिहास, भाषा, जीवशास्त्र एकत्र शिकायची सोय पदवीलाच हवी, एम.ए.पर्यंत थांबायचं कशाला? दक्षिण गोव्यात उसगाळीमळला कुशावती नदीकाठी जांभ्या दगडावर कोरलेले बैल आणि चक्रव्यूह १९९३ साली उजेडात आले, तेही गावकऱ्यांमुळे. महाविद्यालयांनी मुलांना तिथे मोजपट्टी आणि आलेखकागद देऊन दिवसभर बसवावं. सेल्फीपुरत्या सहली पुष्कळ झाल्या.

– एक पालक, डिचोली