मेसेज सकाळी नऊला, तलफ दुपारी चारला

संपादक साहेब, नमस्कार.

सिगरेटच्या पाकिटावर २०१८ पासून क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या सरकारी हेल्पलाइनचा, १८००-११-२३५६ हा नंबर छापतात, पण आम्ही टपरीवर एकेक सुटी सिगरेट घेणारे, पाकीट हातात येतंच कुठे (दोरीला लटकवलेला लायटर मात्र बरोबर दिसतो). मी सिगरेट सोडवणारं एक ॲप टाकून बघितलं, सकाळी नऊला लोकलमध्ये लोंबकळताना 'आज तुम्ही जिंकणार' असा मेसेज यायचा आणि तलफ यायची चारला, ऑफिसखाली कटिंग हातात आल्यावर, तेव्हा फोन गप्प. सतराव्या दिवशी परत ओढली.

अशा ॲपवर आपल्याकडे, मराठीतून, नीट रिसर्च व्हायला पाहिजे, डाउनलोड किती झाले ते नको, सहा महिन्यांनी किती जणांची सुटलेली आहे ते मोजा ना. आणि वेपचं, म्हणजे ई-सिगरेटचं काय? तिच्या विक्रीवर २०१९ पासून बंदी आहे म्हणून पोरं कुणाला सांगतच नाहीत. भाच्याच्या बॅगेत पेनड्राइव्हसारखं काहीतरी सापडलं, आंब्याचा वास येत होता, ताईला वाटलं अत्तर! हा मुलगा हेल्पलाइनला फोन करून बोलणार नाही, नाव न सांगता चॅट करता आलं तर रात्री एक वाजता करेल.

– एक वाचक, डोंबिवली