आधी रूथ, मग भाष्य

जालना

चि. करुणा हिस,
प्रभूच्या नावात सलाम.

तू पाठवलेली पुस्तकांची यादी पाहिली. होस्टेलच्या बायबल स्टडीत सांगितलेलं सगळंच घ्यायचं म्हटलं तर मेसच्या पैशाला हात लागेल. मम्मी म्हणते, घेऊ द्या, पुस्तकंच तर आहेत. मी म्हणतो, जरा थांब.

मॅथ्यू हेन्रीचं बायबलवरचं भाष्य तर मुळीच विकत घेऊ नकोस. तो माणूस १७१४ साली वारला, त्याचं लिखाण फोनवर फुकट मिळतं. त्याच्या हातून ते नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकापर्यंतच झालं. पुढच्या पत्रांवरचं काम इतर पाळकांनी पुरं केलं. स्ट्राँगची १८९० ची शब्दसूचीही फोनवर आहे. ती किंग जेम्सच्या इंग्रजी बायबलावर बेतलेली आहे, आणि प्रत्येक शब्दाला मूळ भाषेतल्या शब्दाचा आकडा दिलेला आहे. म्हणजे एखादा मराठी शब्द शोधायचा तर आधी इंग्रजीत जायचं, तिथून हिब्रूत किंवा ग्रीकमध्ये. अधूनमधून कामाला येते. पण एक आकडा दाबला, चार अर्थ दिसले, आणि त्यातला आपल्याला आवडला तो उचलून ‘मुळात असं आहे’ म्हणून उपदेश ठोकायचा, ही खोड लावून घेऊ नकोस. आपल्याकडे काही मंडळींना ती लागलेली आहे, नावं तुला ठाऊक आहेत.

विकत घ्यायचीच तर पवित्र शास्त्राची संदर्भ दिलेली प्रत घे. चर्चमध्ये दृढीकरणाच्या विधीला मिळालेल्या तुझ्या बायबलात संदर्भ नाहीत. वचनाशेजारी बारीक अक्षरांत दुसऱ्या वचनांचे आकडे असतात ना, ते मी कितीतरी वर्षं नुसते बघून सोडून दिले होते. आता मला भाष्यापेक्षा तेच जास्त शिकवतात.

जुन्या करारातलं रूथचं पुस्तक घेऊन बस. चारच अध्याय आहेत, एका बैठकीत होतात. इस्राएलात राजे येण्याआधीच्या शास्त्यांच्या काळातला दुष्काळ, बेथलेहेम सोडून मवाब या परक्या देशात पोटासाठी गेलेलं कुटुंब, तिकडेच मेलेली माणसं आणि रिकाम्या हाताने परतलेली त्या घरची नामी, सोबत तिची मवाबी सून रूथ. आपल्या बाजूच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ऊसतोडीला निघालेल्या गाड्या तू लहानपणापासून पाहिल्यास. दुसऱ्या अध्यायात रूथ सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात पडलेली कणसं, वेचायला जाते. तिथला संदर्भ काढ, लेवीय पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात जाशील: शेताचा कानाकोपरा कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. म्हणजे त्या शेताचा मालक बवाज नुसता मनाचा मोठा नव्हता. तो नियम पाळणारा शेतकरी होता, आणि नियमाच्या पुढेही गेला. पेंढ्यांतली कणसं मुद्दाम पडू द्या, असं त्याने गड्यांना बजावलं. तुझी आजी ज्वारीचा सरवा वेचायला जायची. सगळेच शेतमालक बवाज नसतात, हे ती सांगायची.

आता बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा २३ वा अध्याय उघड. मवाबी माणसाने परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये, दहाव्या पिढीपर्यंत नाही. आणि इथे रूथ मवाबी, तिचा पणतू दावीद राजा, आणि मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात येशूच्या वंशावळीत तिचं नाव! तो अध्याय आपण चर्चमध्ये नुसती नावं म्हणून भराभर वाचून टाकतो. हा ताण तुझ्या तुला दिसला पाहिजे. भाष्यकाराने आधीच सांगून टाकला तर तो त्याचा होतो.

रूथ झाली की मग दुसरी पुस्तकं. पंडिता रमाबाईंचं बायबल शोध. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं शास्त्र साध्या मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, आणि छापील बायबल १९२४ साली निघालं. छपाईच्या कामात त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायका होत्या. केडगाव पुणे-दौंड मार्गावरच आहे, एखाद्या रविवारी मैत्रिणींना घेऊन जा. नेहमीचं भाषांतर आणि रमाबाईंचं, दोन्ही शेजारी ठेवून एक स्तोत्र वाच. कुठे अडखळतेस ते लिहून ठेव.

फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ माझ्या कपाटात आहे, दिवाळीला आलीस की ने. २०२० साली आपल्या धाराशिवला साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष तेच. एका भाऊंनी मला विचारलं होतं, कॅथलिकांचं कशाला वाचता? त्यांच्या बायबलात ७३ पुस्तकं, आपल्यात ६६, हे मलाही माहीत आहे. पण वाचायला बंदी कुणी घातली? बाबा पदमनजींचं ‘अरुणोदय’ही वाच. ते भाष्य नाही, एका माणसाने विश्वासाकडे कसा प्रवास केला त्याची हकिकत आहे, आणि घरच्यांशी झालेली ओढाताण त्यात लपवलेली नाही. मला तर ते काही भाष्यांपेक्षा जास्त उपयोगी वाटलं.

‘शेवटचा काळ’ आणि तारखा सांगणारी रंगीत पुस्तकं कुणी फुकट दिली तरी घेऊ नकोस.

रेव्हरंड ना. वा. टिळकांची गाणी आपल्या ‘उपासना संगीत’ या गीतांच्या पुस्तकात आहेतच, ती वेगळी सांगत नाही.

आता एक काम. रूथच्या चौथ्या अध्यायात जवळचा नातलग नामीची जमीन सोडवून रूथला पत्करण्याचा आपला हक्क सोडताना स्वतःचा जोडा काढून देतो. अनुवाद २५ मध्ये मात्र दीर विधवा भावजयीशी लग्न करायला नाही म्हणतो तेव्हा त्याचा जोडा ती विधवा काढते, वर त्याच्या तोंडावर थुंकते. दोन्हीकडे जोडाच, पण प्रसंग एकच आहे का? रूथच्या गोष्टीत थुंकणं का आलं नसेल? फोनवरचं भाष्य उघडायच्या आधी तुला काय वाटतं ते लिहून पाठव. मम्मीने स्वतःचं उत्तर आधीच काढलंय, ते मी तुला सांगणार नाही.

तुझे पप्पा