बोळाच्या भांडणात ‘तुम्ही हराल’ असं सांगणाऱ्या काकांना

ती. स्व. काका,
सा. न. वि. वि.

शाल-श्रीफळ घ्यायला येणार नाही, हे तुम्ही फोनवर दोन वाक्यांत सांगून टाकलंत. फीचा तर विषयच काढू दिला नाहीत. म्हणून हे पत्र, आणि तेही जाहीर. आमच्या भांडणाचा आवाज पार कुमठेकर रस्त्यापर्यंत गेला होता, तेव्हा आभारही चारचौघांतच मानलेले बरे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या पोटातून हा बोळ जायचा. वाडा पडला, इमारत उभी राहिली, बोळ मात्र राहिला. शाळा-क्लासची पोरं, पेपरवाले, देवळात निघालेल्या आज्या, सगळे त्यातूनच. बाहेरून वळसा घालायचा तर फुटपाथवर गाड्या लावलेल्या, म्हणजे वाहतूक अंगावर घेत चालायचं. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी, कुमठेकर, टिळक, केळकर असे चारही रस्ते मिरवणुकीत गुंतले की आम्हाला आधार या बोळाचाच. अशा बोळाला एका सकाळी त्या इमारतीच्या सोसायटीचं लोखंडी गेट, त्याला कुलूप आणि वर पाटी: ‘हा रस्ता नाही. होता असे वाटत असल्यास तो आपला गैरसमज आहे.’ (पाटी झकास होती, हे शत्रूपक्षातूनही मान्य करायला हवं.)

मग आमच्याकडे एकदम बरेच कायदेपंडित निघाले. ‘वीस वर्षांची वहिवाट झाली की हक्क लागतो’ हे वाक्य ज्याच्या त्याच्या तोंडी. वर्गणी काढून दावा ठोकायचं जवळजवळ ठरलंच होतं. तेवढ्यात कोणीतरी तुमचं नाव काढलं: भूमी अभिलेखात नोकरी झालेली, सिटी सर्व्हेचे नकाशे कोळून प्यायलेले.

तुम्ही आलात, आमच्या ओट्यावर प्रॉपर्टी कार्ड आणि नकाशाची नक्कल पसरलीत, वारा होता म्हणून चारी कोपऱ्यांवर आमच्याच कपबश्या ठेवल्यात. बोट बोळावरून फिरवत म्हणालात, “याला वेगळा नंबर नाही. वाड्याच्याच नंबरात आहे. म्हणजे जागा त्यांची.” आमचे चेहरे पडले. मग वहिवाटीकडे वळलात आणि सहज विचारलंत, की वाड्याचे जुने मालक तुम्हाला काही म्हणायचे का हो? माझ्या सासूबाई उत्साहानं पुढे झाल्या. “फार सज्जन माणूस! दिंडीदरवाज्यापाशी बसलेले असायचे. म्हणायचे, जा हो जा, माझी कधी ना नाही.”

तुम्ही चष्मा काढून पुसलात. “काकू, कोर्टात विचारलं तर हेच सांगाल ना?”

“खोटं कशाला सांगू?”

“मग दावा अवघड आहे.”

1882 च्या सुविधाधिकार (म्हणजे दुसऱ्याच्या जागेतून वाट वगैरे वापरायचा हक्क) कायद्याचं पंधरावं कलम तुम्ही त्या दिवशी जसं उलगडून सांगितलंत, तसं कोणी सांगितलं नव्हतं. वीस वर्षं लागतात हे खरं, पण ती वाट उघडपणे, बिनअडथळा आणि हक्कानं वापरलेली हवी. मालकाच्या परवानगीनं वापरली तर वीस काय नि पन्नास काय, हक्क तयार होत नाही. शिवाय तो हक्क शेजारच्या मिळकतीला लागतो. येणारे-जाणारे सगळेच या कलमाखाली तो मागू शकत नाहीत. सार्वजनिक वाट म्हणून सिद्ध करायची तर ते प्रकरण निराळं. त्या भल्या माणसाच्या भलेपणानंच आमची केस लंगडी करून ठेवली होती!

काका, मुख्य आभार याचे. आमच्या ओट्यावर, आमचा चहा पिऊन, तुम्ही आमच्या तोंडावर सांगितलंत की हराल. गोड बोलणारे काय, पेठेत पुष्कळ आहेत.

तिथून तुम्ही तडक पलीकडे गेलात. तळमजल्यावरच्या ताईंची झोपायची खोली बोळाला लागून आहे, हे आम्ही इतकी वर्षं पाहत होतो. रात्री बाराला त्यांच्या खिडकीखालून दुचाक्या जातात, वर हॉर्न वाजवत, हे त्यांच्या तोंडून तुम्ही ऐकून आलात. त्या दुचाक्या कोणाच्या, हे इथे लिहीत नाही. आमच्याच आळीत राहायचंय मला. “चालणाऱ्यांचं आणि चालवणाऱ्यांचं भांडण वेगळं करा,” असं तुम्ही म्हणालात आणि टेप, खडू आणि सासूबाईंचा वॉकर मागवलात.

बोळाच्या तोंडाशी तुम्ही खडूनं दोन रेघा मारल्यात, एक डाव्या भिंतीपासून, दुसरी थोडं आत उजव्या भिंतीपासून. तिथे माणसं काठ्या आडव्या धरून उभी केलीत. सासूबाई वॉकर घेऊन नागमोडी वळून आरामात पार. मग सोसायटीच्या अध्यक्षांनी स्वतःची स्कूटर आणली. पुढचं चाक वळलं, मागचं अडकलं, ना पुढे ना मागे. ती उचलून काढायला दोन्ही पक्षांची माणसं लागली. त्यानंतर बोलणं बरंच सोपं झालं. आता खडूच्या जागी पाइप आहेत.

कागदही तुमच्याच हातचा: जागा सोसायटीची, पायी जायला लेखी परवानगी, रात्री अकरा ते पहाटे पाच कुलूप, दिव्याचं बिल आमच्याकडे. आमच्यातले दोघं अजून म्हणतात की हक्क सोडून उपकार पदरात घेतले. म्हणोत. भाजी आणायला तेही याच बोळातून जातात.

एक काम मात्र आहे. परवानगी वर्षाचीच आहे, आणि सोसायटीच्या निवडणुकीत कमिटी बदलायची चिन्हं आहेत. नव्या कागदाचा मसुदा मी केलाय, रविवारी घेऊन येते. लाल पेन तयार ठेवा. आणि ताईंनी तुमच्यासाठी मेतकूट दिलंय, तेही आणते.

आपली,
बोळाच्या अलीकडची सून