राज्यांचा पदकतक्ता आता बंद करा : केंद्रीय क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडामंत्री महोदय,
स. न. वि. वि.

2036चं ऑलिंपिक भारतात भरवण्याची भाषा सुरू झाल्यापासून ‘चीनकडून शिका’ हे वाक्य वारंवार कानावर येतं. जरूर शिकावं. फक्त त्यांची फजितीही अभ्यासक्रमात असू द्या.

चीनची प्रांताप्रांतांमधली राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा 1959 पासून भरते, हल्ली दर चार वर्षांनी. यजमान प्रांत आपली सगळी पत पणाला लावतो. 2005 मध्ये जिआंगसू प्रांत यजमान होता. ज्यूदोच्या अंतिम लढतीत 1996ची ऑलिंपिक विजेती सुन फुमिंग काही सेकंदांत आडवी झाली. समोरची खेळाडू सैन्यदलाकडून उतरली होती, आणि तिचं सुवर्ण सैन्यदलाबरोबर सुन फुमिंगच्याच लिआओनिंग प्रांताच्याही खात्यात मोजलं जाणार होतं. हिशेब चोख, खेळ गेला खड्ड्यात!

2013 मध्ये खुद्द लिआओनिंगकडे यजमानपद आलं. काटकसर म्हणून उद्घाटन भर दिवसा, आतषबाजीशिवाय झालं. हे मात्र आपल्या आयोजकांनी भिंतीवर लिहून ठेवावं. त्याच स्पर्धेत महिला रग्बीच्या अंतिम सामन्यात पंचांवर चिडून बीजिंगच्या मुली मैदानात नुसत्या उभ्या राहिल्या. शानडोंग 71-0 नं जिंकलं.

रोगाचं मूळ तक्त्यात होतं. प्रांताचा क्रमांक म्हणजे तिथल्या क्रीडा अधिकाऱ्यांचं प्रगतिपुस्तक. शेवटी 2017च्या तिआनजिन स्पर्धेपासून सरकारनं अधिकृत पदकतक्ताच बंद केला आणि हौशी लोकांसाठी वेगळे खेळ आणले. 2021 मध्ये शान्शी प्रांतातल्या शिआनमध्ये सू बिंगतियान 100 मीटर 9.95 सेकंदांत धावला, आणि त्याच स्पर्धेच्या यादीत ड्रॅगन बोट आणि चौकात नाचणाऱ्या बायाबापड्यांचा नाचही होता. वर्तमानपत्रांनी पदकं मोजायची ती मोजलीच. पण सरकारी शिक्क्याचा तक्ता उरला नाही.

आपल्याकडे उत्तराखंडच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत, 2025 मध्ये, पदकं आधीच ठरल्याच्या तक्रारींवरून तायक्वांदोचा स्पर्धा संचालक बदलावा लागला. म्हणजे लागण झालेली आहे.

मागणी एवढीच. 2027च्या मेघालयातल्या स्पर्धेपासून राज्यांचा अधिकृत तक्ता आणि अव्वल संघाला मिळणारा राजा भालिंद्र सिंग करंडक, दोन्ही थांबवा. ‘हा भारतीय ऑलिंपिक संघटनेचा विषय’ असं उत्तर मिळेल, ठाऊक आहे. पण स्पर्धेवर सरकारचा पैसा खर्च होतो, तेव्हा आपला शब्द तिथे चालतो.

पहिली ओरड बहुधा महाराष्ट्रातूनच होईल. 2023 मध्ये गोव्यात 80 सुवर्णांसह 228 पदकं मिळवून तो करंडक आम्हीच आणला होता. ती ओरड फार मनावर घेऊ नये.

कळावे,
एक मराठी क्रीडाप्रेमी