मेम्ब्रेनच्या आधी जाळी हवी

सिंहस्थापूर्वी नाशिकच्या सांडपाण्यावर मेम्ब्रेन (अतिसूक्ष्म छिद्रांचा, गाळणीसारखा पडदा) तंत्रज्ञानाने प्रक्रिया करावी, असे सुचवणारा आपल्या अंकातील लेख वाचला. सूचना योग्यच आहे. साधारण ०.०४ ते ०.४ मायक्रॉनच्या छिद्रांत बहुतेक सर्व जिवाणू अडतात, आणि टाकीत घाण खाणाऱ्या जिवाणूंचा गाळ लिटरला ८ ते १२ ग्रॅम इतका दाट ठेवता येत असल्याने जागाही कमी लागते. पण सगळा खेळ आधीच्या जाळीवर आहे. १ ते २ मिलिमीटरची बारीक जाळी नसेल, तर केस आणि निर्माल्यातले दोरे मेम्ब्रेनच्या पोकळ तंतूंच्या जुड्यांना पीळ घालून बसतात. ही गुंतवळ मेम्ब्रेन धुण्याच्या हायपोक्लोराइट रसायनाने सुटत नाही. जुडी बाहेर काढून हाताने सोडवावी लागते आणि त्यात तंतू तुटतात. तुटलेल्या तंतूतून गाळ थेट शुद्ध पाण्यात उतरतो. तंतू साफ ठेवणारा हवेचा मारा बंद असताना मेम्ब्रेनमधून पाण्याचा उपसा चालू राहिला, तरी तंतूंवर गाळाचा थर घट्ट बसतो. शिवाय पावसाळ्यात गटारांत शिरणारे जादा पाणी मेम्ब्रेन झेपवू शकत नाही. त्यासाठी जादा पाणी साठवून एकसारखे पुढे सोडणारी समतोल टाकी लागतेच. महापालिकेने जाळी, वीज गेल्यास हवा चालू ठेवणारे जनित्र, ही टाकी आणि पुढे मेम्ब्रेन बदलण्याचा खर्च निविदेतच धरावा.

– एक पर्यावरण अभियंता, नाशिकरोड