सही माझीच होती

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार. आठ महिने पत्र नाही, याबद्दल रागावू नकोस. आम्ही सारे ठीक. गुडघा तसाच आहे.

आजची गोष्ट तुझ्याखेरीज कोणाला कळणार नाही. ओवीच्या बाईंनी मला शाळेत बोलावले होते. तिच्या शुद्धलेखनाच्या वहीत ‘घर’चे ‘धर’ आणि ‘भात’चा ‘मात’ झाला होता, आणि खाली ‘तपासले’ म्हणून माझी सही होती. “आईच्या लक्षात कसे आले नाही?” असे बाईंनी साधेपणाने विचारले. त्यांनी पान पुढे केल्यावरही त्या चुका मला एकेका अक्षरावर बोट ठेवून शोधाव्या लागल्या.

सत्तावीस म्हटले की ती 72 लिहिते, कारण कानावर सात आधी पडतो. 2019 मध्ये दुसरीच्या गणितात ‘वीस सात’ असे वाचन आले, तेव्हा केवढी टीका झाली! मला मात्र, हे आपल्या वेळी का नव्हते, या विचाराने रडू आले होते.

दहावीत तू इतिहासातल्या प्रत्येक पुढाऱ्याला निराळा आवाज देऊन धडे वाचायचीस, म्हणून मी पास झाले. तरी “बाईंना सांगू या” एवढे म्हणालीस, तर मी दिवाळीपर्यंत अबोला धरला. तुझेच बरोबर होते, सुनंदा.

रीतसर चाचणी ओवी आठ वर्षांची झाल्यावर होईल. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचता-लिहिताना असे अडखळणे, आहे, पुढे परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिकही मिळतो, त्यामुळे तिच्या शिक्षणाची मला तितकी धास्ती नाही. पण हे पुष्कळदा घराण्यात उतरते, तेव्हा घरात आणखी कोणाला असा त्रास आहे का, हे तिथे विचारतीलच, आणि यांना अजून काहीच ठाऊक नाही. चष्मा सापडत नाही असे सांगून मी बँकेचे अर्ज बारा वर्षे त्यांच्याकडूनच भरून घेते आहे.

काल रात्री ओवीने विचारले, “आई, मी ढ आहे का?” मी नाही म्हणून तिला जवळ घेतले, ‘मलाही असेच होते’ हे मात्र ओठांपर्यंत येऊन थांबले. ते मला तिला सांगायचे आहे, पण त्याआधी यांना.

तुझे नवे घर लागले का? आईंच्या मोतीबिंदूचे काय झाले? दिवाळीत येशील तेव्हा एक दिवस जास्त राहा, आणि मी यांच्याशी बोलेन तेव्हा शेजारी बस.

तुझी,
वसू