लेकीचं ऐकून घेणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

परवाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट समोर ठेवून लिहिते आहे. लेकीच्या उजव्या ओव्हरीची, म्हणजे अंडाशयाची, सूज उतरली आहे, तिच्यात बारीक फॉलिकल्स, स्त्रीबीजं वाढतात त्या पिशव्या, दिसताहेत. तुम्हाला हे कळलंच आहे, पण मला ते तुम्हाला पुन्हा सांगावंसं वाटतं.

तुमच्यापर्यंत पोचण्याआधी आम्ही काय काय ऐकलं! एकांनी पित्त म्हणून इंजेक्शन दिलं. दुसरीकडे म्हणाले, "पाळी यायची असेल, आतापासून सहन करायला शिकवा." बारा वर्षांची पोर गुडघे पोटाशी घेऊन ओकत होती आणि तिच्याकडे न बघताच हे बोलणं चाललं होतं. उजवीकडे दुखतंय म्हणजे अपेंडिक्स असेल, असंही झालं. सोनोग्राफीत ओव्हरी सुजलेली दिसली, तर डॉप्लरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या तपासणीत, प्रवाह दिसतोय, म्हणजे ओव्हरीला पीळ पडलेला नाही, सकाळी बघू, असं सांगून मोकळे झाले. त्या सगळ्यांचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही आलात आणि स्टूल ओढून तिच्याजवळ बसलात. "असं आधी कधी दुखलं होतं का गं?" मी उत्तर द्यायला गेले, तर तुम्ही हातानेच मला थांबवलंत. तेवढ्यात तिला उमासा आला. तुम्ही ट्रे धरलात, तिचं तोंड पुसलंत आणि पुन्हा तशाच बसून राहिलात, जणू त्या रात्री तुम्हाला दुसरा पेशंटच नव्हता. मग ती अडखळत बोलली. खो-खो खेळताना अशीच कळ आली होती, थोडा वेळ बसल्यावर गेली, म्हणून कुणाला सांगितलं नाही. मलाही ते ठाऊक नव्हतं! ओव्हरी पिळते, आपोआप सुटते, पुन्हा पिळते, तेव्हा असं येऊन-जाऊन दुखू शकतं, हे तुमच्याकडून कळलं. ओव्हरीला दोन बाजूंनी रक्त मिळतं, त्यामुळे डॉप्लर चांगला आला तरी पीळ असू शकतो. खात्री पोटात दुर्बीण घालून बघूनच होते, आणि थांबण्यात ओव्हरी जाण्याचा धोका आहे, हेही तुम्ही तिच्यासमोरच सांगितलंत, तिला कळेल अशा शब्दांत.

ऑपरेशनमध्ये दिसलं, ओव्हरी काळीनिळी पडली होती. तुम्ही पीळ सोडवलात आणि ती जागेवरच राहू दिलीत. आमच्याच घरात "काळी पडलेली ठेवली कशाला?" असं विचारलं गेलं. पूर्वी काढूनच टाकत म्हणे. मी नंतर वाचलं, अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली स्पष्ट सांगितलं आहे की किशोरवयीन मुलींची ओव्हरी कशीही दिसली तरी पीळ सोडवून ती वाचवावी. काळी दिसणारी ओव्हरीही बऱ्याचदा सावरते. आमची सावरली.

त्या रात्री ट्रॉली ढकलणारे मामा तिला "घाबरू नको ताई" म्हणत होते. सिस्टरनी स्वतःची शाल तिच्या पायांवर घातली. एक माणूस नीट वागला की आजूबाजूचेही तसे वागू लागतात, हे मी तुमच्या वॉर्डात पाहिलं. मला तुम्हा सगळ्यांच्या पाया पडावंसं वाटलं होतं.

पुढच्या महिन्यात दाखवायला येऊ. तिला तुम्हाला काहीतरी विचारायचं आहे. मला बाहेर बसायला सांगितलं आहे.

तुमची ऋणी,
तिची आई